पाठमोरी

फोटोतली बाई वळली. म्हणजे, असं काही घडलंच नाही. ट्रस्टला मी तसं कळवलंही आहे.

फुलसावंगीच्या विहारातले धम्मदीक्षेच्या काळातले फोटो जपायला नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंच्या ट्रस्टने आम्हाला स्कॅनर वापरायला दिला. तो मी चालवतो. तुळसाबाई आजींनी आणलेल्या फोटोत अख्खं गाव कॅमेऱ्याकडे बघतं, फक्त त्यांची आई पाठमोरी. ती आजींच्या जन्माच्या वेळीच गेली. तिचा दुसरा फोटो नाही.

स्कॅनमध्ये तिचा कान दिसला. मी काच पुसली. पुन्हा टाकला, तर गाल.

"आजी, कागदावर त अजूनबी पाठच हाय."

"लाजत असन रे माय. अतुल, अजून एक डाव टाक. उद्या मशीन नेऊन राह्यले ना थे ट्रस्टवाले?"

"भेव नाही वाटत का तुम्हाले?"

"कायले? तिनं तरी मले कुठं पाह्यलं?"

आजींनी केस चापून बसवले आणि त्या स्क्रीनसमोर ताठ बसल्या.

या वेळी आईचे ओठ उघडले होते. बाकीचं गाव कॅमेरा सोडून तिच्याकडे बघत होतं.

माननीय विश्वस्तांस नम्र विनंती, सदर महिलेचे बोलणे पूर्ण होईपर्यंत स्कॅनरला मुदतवाढ मिळावी.