एकाच फळीची पाठ

लढाईच्या धामधुमीत आजोबांनी ते दुर्मिळ व्हायोलिन कुणाच्या तरी घरातून उचललं, अशी घरात कुजबुज होती. नात ते वाजवायची, पण मनात कायम धाकधूक.

एका कार्यक्रमानंतर एक वृद्ध बाई तिला भेटायला आत आल्या. त्यांनी व्हायोलिन उलटं केलं, त्याची एकाच फळीची पाठ कुरवाळली आणि कडेच्या बारीक खळग्यांवर बोट ठेवलं.

"हे माझे दात. दात येताना मी हे चावायचे, आई सांगायची. तुला कुणी दिलं?"

"आजोबांनी." नातीने व्हायोलिनची पेटी त्यांच्यापुढे सरकवली. "तुमचं आहे हे. घेऊन जा."

"वेडी का काय! त्यांनी आम्हाला गाडीत लपवून सरहद्दीपार नेलं. बाबांनी हे बळेच त्यांच्या हातात कोंबलं. घेतच नव्हते गं ते!"

नात मटकन खुर्चीत बसली आणि रडता रडता हसायला लागली.