गोधडीच्या पोटातलं

"चपला काढू का?" गोजाबाईंनी दारातच विचारलं.

"नको आजी, तशाच या," उत्कर्षा म्हणाली. तरी त्यांनी काढल्याच. मागून सुनेनं, अनितानंही काढल्या.

तळेगावच्या कारागिरी संग्रहालयाचं उद्घाटन रविवारी होतं. ज्यांनी वस्तू दिल्या त्यांना आधी बोलावून दाखवायचं, ही संग्रहालयाचे प्रमुख असलेल्या शेखर सरांची कल्पना. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या उत्कर्षानं तेव्हा नुसती मान हलवली होती.

गोजाबाईंची गोधडी काचेच्या पेटीत पसरलेली होती. तिची एक कड भिंतीच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशी होती. ती तशी उत्कर्षानंच ठेवली होती.

"बघा आत्या, तुमची गोधडी एसीत झोपलीय," अनिता सासूला म्हणाली.

"झोपू दे की. आपल्या घरात तिला कवा पाय पसरता आले?" गोजाबाई म्हणाल्या. अनिता खुदकन हसली.

शेखर सर त्यांना शेजारच्या मोठ्या पडद्यापाशी घेऊन गेले. पडद्यावर तीच गोधडी. "आजी, हिच्यावर बोट फिरवा. घाबरू नका."

"घाबरायचं काय त्यात? नातवाचा मोबाइल बिघडला की माझंच नाव असतं."

बोट फिरवलं की वरचा थर सरकायचा आणि खालचा दिसायचा. उत्कर्षाचंच काम ते. त्यासाठी आतलं बघावं लागणार होतं. पण गोजाबाईंच्या गावची रीत अशी, की गोधडीच्या पोटात काय घातलं ते शिवणारीनं सांगायचं नाही आणि दुसरीनं विचारायचं नाही. गोधडी हातात देताना त्यांनी ते हसत हसत सांगितलंही होतं. उत्कर्षानं कड उसवली ती नुसतं डोकावायला म्हणून. घरी बाळाची दुधाची वेळ झालेली, गोजाबाईंना फोन करून विचारत कुठे बसणार? मग आत एक चिमुकली बाही दिसली आणि तिनं आणखी उसवलं. फोटो काढले, परत टाके घातले. कुणाला काही बोलली नाही. संग्रहालयातल्या सगळ्यांना तोच थर सर्वांत आवडला.

आता गोजाबाईंचं बोट पडद्यावर होतं. थर सरकताना टाके उसवल्याचा बारीक आवाज आला. तोही खराच होता; उसवताना तिनं तो फोनवर टिपला होता.

"अगं बया! माझं हिरवं लुगडं!"

दुसऱ्या थराला धोतर निघालं. अनितानं न बघितलेल्या सासऱ्याला नमस्कार केला. तिसऱ्याला भैरूचा, तिच्या नवऱ्याचा, कंपनीतला निळा शर्ट आला.

"मी ह्यो सगळीकडं शोधला! मला म्हणाले, तूच बोहारणीला दिला असशील. आज घरी गेल्यावर सांगते त्यांना."

"त्याच्या ओव्हरटाइमचा घाम हाय त्यात. ऊब धरतो," गोजाबाई म्हणाल्या आणि हसत हसतच त्यांनी पुन्हा बोट फिरवलं.

पिवळं झबलं होतं. खाली उत्कर्षानंच लिहिलेली ओळ उमटली: 'लहान मुलाचं सुती झबलं. जुन्या कपड्यांच्या पुनर्वापराची सुंदर परंपरा.'

गोजाबाईंचं बोट तिथंच थांबलं.

"हे कुणाचं वो?" अनितानं वाकून पाहिलं. "ह्यांचं न्हाई. ह्यांची झबली ट्रंकेत हायेत, बाळूला मी तीच घातली."

गोजाबाई त्या पिवळ्या बाहीकडंच बघत राहिल्या.

"आत्या?"

"थोरलीचं."

"थोरली कोण?" अनिता म्हणाली. मग तिचा आवाजच खाली गेला. "तुमाला ह्यांच्याआधी..."

"व्हय."

शेखर सरांना ऐकू गेलं नसावं. ते मागून कौतुकानं म्हणाले, "हाच थर मुलांना फार आवडणार आहे, आजी."

उत्कर्षाची छाती भरून आली, दुधानं. घरी बाळ उठलं असेल. तिनं ओढणी पुढे ओढून घेतली.

"आजी, मी उसवली. तुम्हाला विचारलं नाही."

गोजाबाईंनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "ते कळलं मला. आता झाकायचं कसं, ते सांग."

त्यांनी बोट उलट्या बाजूला फिरवून पाहिलं. एकदा, मग पुन्हा, जरा जोरात. शर्ट परत आला नाही. लुगडंही आलं नाही. उत्कर्षा पुढे झाली आणि तिचा हात अधांतरी राहिला. थर उघडायचे कसे, हे तिनं महिनाभर पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं. मिटायचं कुणाला असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आजी, यात मागं जाता येत नाही," ती म्हणाली. "मी करून देते. उद्यापर्यंत करते. हा थर काढूनच टाकते."

"उद्याचं उद्या."

गोजाबाईंनी पदराला हात पुसला. मग अंगावरनं पांघरूण सरकलेल्या लेकरावर ठेवावा तसा अख्खा तळवा त्या झबल्यावर ठेवला.

पडद्याला वाटलं, कुणाला तरी जवळून बघायचंय. चित्र मोठं व्हायला लागलं. बाही मोठी झाली, गळ्याची शिवण मोठी झाली, गळ्याशी लागलेला काजळाच्या बोटाचा डाग त्यांच्या तळव्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पसरत गेला.

गोजाबाईंनी दुसराही हात ठेवला.