एकदाही लाल नाही

२०२२ सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. कुपवाडच्या त्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीच्या खिडकीशी सकाळचं धुकं अजून रेंगाळत होतं. प्रोग्राम तपासणारी अंकिता पडद्यावर चाचण्या पास झाल्याच्या हिरव्या खुणा पाहत बसली होती. कोवळ्या उसाच्या शिवारासारख्या, नजर पोचेल तिथवर हिरव्या.

"वर्षभरात एकदाही लाल नाही, दादा," ती म्हणाली.

"मग पेढं वाट की!" कंपनीचे मालक दिग्विजयदादा हसले. "पोरं पास झाली म्हणून रडणारी मास्तरीण पयल्यांदाच बघतोय."

प्रोग्राम ऋषिराजचा होता. लहान मुलांच्या दवाखान्यासाठी, वजनावरून औषधाची मात्रा काढून देणारा. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्याच्या हवाली करायचा होता, आणि मग पुण्याची नवी शाखा ऋषिराजच्या हाती द्यायची, असं ठरलं होतं.

ऋषिराज वाईचा, मितभाषी. त्याची लिहिण्याची तऱ्हाही तशीच, फंक्शनल. प्रोग्रामचा प्रत्येक तुकडा दिलेलं घ्यायचा, उत्तर हातावर ठेवायचा, बाकी कशाला शिवायचा नाही. त्या तुकड्यांची परीक्षा घेणाऱ्या चाचण्याही त्याच वळणाच्या. चूक सापडली तरी ओरडायच्या नाहीत. 'चुकलं' एवढं उत्तर द्यायच्या आणि गप्प. विचारल्याशिवाय सासरचं दुःख न सांगणाऱ्या लेकीसारख्या.

अंकितानं मागेच गुपचूप पारख करून पाहिली होती. ते उत्तर कुणी उचलून पुढं नेतच नव्हतं. यंत्र आपलं शेवटी सांगायचं, सगळं ठीक.

"मी ते उत्तर शेवटपर्यंत पोचवते," ती म्हणाली. "एक जरी चूक निघाली, तरी सगळं लाल दिसेल."

दादांचं हसू मावळलं. "कर. पण आयत्या वक्ताला खोळंबा केलास आन् ऋषिराजच्या कामात काय न्हाई निघालं, तर सोमवारपास्नं येऊ नगंस."

साताऱ्याला अंकिताचे वडील अंथरुणाला खिळलेले, घर तिच्याच पगारावर. ऋषिराजला ते ठाऊक होतं. त्यानं आपला चहा तिच्यापुढं सरकवला.

"कर गं. माझं चुकलं असंल, तर औषध पोरांच्या पोटात जायच्या आधी कळू दे."

दिवस कसा सरला, तिला समजलं नाही. उन्हं कलली तेव्हा तिनं सगळ्यांसमोर चाचण्या चालवल्या. हिरवं, हिरवं, हिरवं. आणि मग अख्खा पडदा लाल झाला, कृष्णेत मावळतीचा सूर्य विरघळावा तसा.



"काय चुकलंय बघ रं," दादा ऋषिराजला म्हणाले.

तो आपल्या टेबलाशी गेला. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग अंकिताकडे. मग दोन-चार बटणं दाबली.

"माझंच चुकलं होतं, दादा. दुरुस्त केलंय."

चाचण्या पुन्हा चालवल्या. सगळं हिरवं. या वेळी त्या हिरव्यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

"ही पोरगी नसती तर?" दादा कपाळाचा घाम पुसत म्हणाले. पुण्याची शाखा त्यांनी अंकिताला दिली.

दिग्विजयदादा आता सांगलीला घरीच असतात, नातवंडांना ही गोष्ट रंगवून सांगतात. अंकिताचे वडील काठी टेकत अंगणापर्यंत येतात. अंकिता पुण्यात नव्या मुलांना बजावते, लाल कसं दिसतं ते पाहिल्याशिवाय हिरव्यावर भुलू नका. ऋषिराजनं ती नोकरी लवकरच सोडली. पाचगणीजवळ तो स्ट्रॉबेरी लावतो, आणि बायको म्हणते, अजून तसाच कमी बोलतो. त्या संध्याकाळी आपण नेमकं काय दुरुस्त केलं, हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. त्यानं फक्त चाचण्यांमधली एक ओळ पुसली होती. अंकितानं पारख करायला स्वतः लिहिलेली आणि काढायची राहून गेलेली: दोन आणि दोन पाच.