शेऱ्याचा रकाना

गुणाजी आजोबांनी हात वर केला आणि शेजारी बसलेली श्रुतिका बाकावर खाली सरकली.

आईबाबांना सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून पालकसभेला आजोबा आले होते. जूनमध्ये ते गाव सोडून मुंबईत नाहूरला राहायला आले, तेव्हापासून अशी सगळी कामं त्यांच्याकडेच. आधी ते वर्गशिक्षिकेशी बराच वेळ बोलले, मग मागच्या बाकावर येऊन बसले. ग्रंथपाल नीला मॅडम समोर उभ्या होत्या. मागच्या वर्षी नुसत्या याद्या बघून मराठी पुस्तकं घेतली, त्या म्हणाल्या, आणि अर्धी अजून कपाटात कोरी करकरीत पडली आहेत. इंग्रजी माध्यमाची मुलं त्यांना हात लावत नाहीत. यंदा खरेदीआधी प्रत्येक वर्गातल्या एका घराने चार पुस्तकं वाचायची, फॉर्म भरायचा आणि निवड समितीच्या बैठकीत आपला शेरा स्वतः वाचून दाखवायचा. सातवी ब मधून कोण?

सगळे पालक एकाएकी मोबाईलमध्ये गुंतले. वर झाला तो एकच हात.

वाट लागली, श्रुतिकाच्या मनात आलं. आजोबांना वाचता येत नाही, हे तिने केव्हाच ताडलं होतं. बसस्टॉपवर पाटी वाचायला तीच. दुकानांची नावं, लग्नाच्या पत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, सगळं तिच्यापुढे यायचं. 'माझो चष्मो गावाकच ऱ्हवलो. तू वाच गो.' बाबांनी नवा चष्मा करून आणला, तर तो खिशात जाऊन बसला. म्हणे डोळ्यांत पाणी येतं. कोवळ्या वयात गिरणीत लागलेला माणूस, शाळेत असा किती गेला असेल? तिने हे घरात कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि चारचौघांत वाचायला उभं राहणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

पुस्तकं घरी आली. संध्याकाळी आजोबा वाल सोलायला बसले आणि पुस्तक तिच्याकडे सरकवलं. 'वाच. मी ऐकतंय.'

ती वाचायला लागली. लांबलचक शब्द आला की त्याला वळसा घालून पुढे. आजोबांना कुठे कळणार होतं? पण म्हातारा मोठा चिकट. 'थांब. तो थंय गेलोच कसो? ता परत वाच, माका समाजला नाय.' दर दोन पानांनी हेच. मग तिला मागे जाऊन एकेक अक्षर लावत बसावं लागे. अडाणी माणसाला सगळं फोडून सांगावं लागतं, असं म्हणून ती चरफडायची आणि परत वाचायची.

असे तीन आठवडे गेले. चौथं पुस्तक हातात आलं त्या सोमवारी आजोबा बाजारात गेले होते. तिने युनिफॉर्म न बदलताच पुस्तक उघडलं. ते परत आले तेव्हा शेवट काय झाला ते तिने त्यांना भडाभडा सांगून टाकलं.

'आजोबा, फॉर्म आणा. तुम्ही सांगा, मी लिहिते.'

'नको. माझा काम माका करूक दी.'

बैठक शनिवारी होती. गुरुवारी तिने त्यांना पोटदुखीचं नाटक करायला सुचवलं.

'कित्याक? माझा पोट बरा असा,' आजोबा म्हणाले आणि ताटातल्या माशाचे काटे काढत बसले.

शुक्रवारी तिचं कशातच लक्ष लागेना. मधल्या सुट्टीत ती लायब्ररीच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आली. डबा तसाच राहिला. तिसऱ्यांदा ती आत शिरली. नीला मॅडम पुस्तकांवर शाळेचा शिक्का मारत होत्या.

'मॅडम, उद्या आजोबांना वाचायला उभं करू नका ना, प्लीज.'

'का गं?'

'त्यांना वाचता येत नाही.'

मॅडमचा हात थांबला. 'असं ते म्हणाले?'

'ते कशाला सांगतील? मला कळतं ना. पुस्तकं मीच वाचून दाखवली, चारही. त्यांना पाहिजे तर मत विचारा, ते मस्त सांगतील. फक्त उभं करून वाचायला लावू नका. सगळे हसतात.'

'कोण हसतं?'

श्रुतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच तिला राग आला.

मॅडमनी फाईल ओढली आणि एक कागद काढला. 'फॉर्म तर त्यांनी मंगळवारीच आणून दिला. इथे बसून, माझ्यासमोर लिहिला. उद्यासाठी मी त्यांच्याकडून दुसरा भरून घेतलाय. हा बैठकीत वाचण्यासारखा नव्हता.'

'एवढा वाईट आहे?'

'तूच बघ.'

निळ्या शाईतलं वळणदार, सराईत अक्षर होतं. शेऱ्याचा रकाना पुरला नव्हता म्हणून मजकूर समासात शिरला होता. श्रुतिकाने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकही शब्द न सोडता वाचत गेली.

'पुस्तक पहिले: जोडाक्षर आले की नात ते गाळते. वर्गात मुले हसतात, म्हणून वाचायला उभी राहत नाही असे वर्गाच्या बाई म्हणाल्या, ते खरे. पुस्तक दुसरे: मला समजले नाही म्हटले, की मागे जाऊन नीट वाचते. पुस्तक तिसरे: अडते, पण गाळत नाही. पुस्तक चौथे: माझी वाट न बघता एकटीने संपवले. चारही घ्यावीत.'