दृष्ट

तव्यावर मीठ-मोहऱ्या-मिरच्या जळल्या, तरी ठसका आला नाही, तेव्हा सुलभाताईंचा संशय पक्का झाला. "शेजारच्या प्रमिलेचीच दृष्ट! म्हणाली होती ना, तुमचा निनाद किती छान जेवतो!" त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. पोरगा मात्र दोन घासांवर उठतच राहिला.

"आतड्याला सूज आहे," डॉक्टर म्हणाले. "तिथून निरोप गेला की मेंदूच भूक मारतो."

"म्हणजे याच्याच डोक्याने याला उपाशी ठेवलं?" त्या डॉक्टरांवरच उखडल्या.

औषधं सुरू झाली. महिन्याभराने एका दुपारी, ओटा धुऊन झाल्यावर, निनाद दारात आला. "आई, भूक लागलीय."

"आत्ता? सगळं आवरल्यावर?" त्या कडाडल्या. पण बोलता बोलताच त्यांनी गॅस पेटवला. पहिली पोळी ताटात पडताच पुन्हा ओरडल्या, "प्रमिलामावशीला हाक मार! म्हणावं, ये, बघ कसा जेवतोय ते!"