शेवटची पंचवीस

पोरांची वजनं तपासायला पुण्याहून आलेले साहेब, बुटांना शेण लागेल म्हणून भाजे गावातल्या आमच्या शाळेच्या ओट्यावरूनच मला संख्याशास्त्र शिकवत होते. डोक्यापेक्षा आवाज मोठा.

"हेडमास्तर, शंभर पोरं वजनानं रांगेत लावा. शेवटची पंचवीस, ती पंचविसाव्या शतमकाखालची. तिथं एकही पोर उरलं नाही, की दुधाची पावडर बंद. तोवर सगळ्यांना द्या."

"पण साहेब, कितीही दूध पाजलं तरी रांगेत शेवटची पंचवीस..." आमचा हनुमंत मास्तर बोलू लागला.

मी त्याचा पाय तुडवला. "समजलं, साहेब."

तेव्हापासून साहेब दरवर्षी येतात, शेवटची पंचवीस मोजतात आणि मला नालायक म्हणून ओरडतात.



तेव्हा मागच्या पडवीत अख्खी शाळा दूध पीत असते.