पायांनी जवळ

लग्नांचे फोटो काढणाऱ्या माझ्या सुनेला, अंकिताला, नवी लेन्स घ्यायची होती. नव्या पेठेतल्या दुकानात दोन लेन्स काचेवर मांडलेल्या होत्या. त्यातली महागडी प्राइम लेन्स तिनं तीनदा उचलली आणि तीनदा खाली ठेवली.

"प्राइमचं तोंड मोठं, अंधाऱ्या मांडवातसुद्धा चेहरा उजळ येतो," दुकानदार म्हणाला. "पण ती झूम होत न्हाय. आजकालच्या झूम लेन्स लई सुधारल्यात की, ताई. मांडवाच्या कडेला उभं राहून नवरीच्या गालावरची हळद टिपता येती."

"झूमच द्या," अंकिता म्हणाली. "मला कडेलाच उभं करतात."

मी दुकानदाराला विचारलं, "आणि ह्या महागाच्या लेन्सला लांबून चालत न्हाय व्हय?"

"न्हाय आजी. हिला आपल्याच पायांनी जवळ जावं लागतंय. पार पाटापाशी."

"मग हीच द्या."

अंकितानं माझा हात धरला. "आत्या, हळदीत विधवेला पाटापाशी कोण येऊ देतंय? तुमाला तरी कुणी येऊ दिलं होतं?"

"न्हाय दिलं. चाळीस वर्षं मी लांबूनच बघितलं," मी म्हणाले. "आता तुला कुणी अडवलं तर सांग, आमच्या घरात लांबून फोटो काढायची लेन्स न्हाय."